यशोधराबाईंच्या दारातला झरा

नळ दाखवला, तर सून म्हणाली, "ये नहीं, आईजी. पानी का ठिकाना कहाँ है?"

यशोधराबाईंना वाटलं, पोरगी पहाडातली, नळ पाहिला नसेल. त्यांनी तोटी उघडून दाखवली, बंद करून दाखवली, आणि थेंब गळू नये म्हणून शेवटी मनगटानं कसा एक झटका द्यायचा तेही दाखवलं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली, विजय नगरच्या ऑफिसात मुलाच्या, यतीनच्या शेजारी बसून त्याच्याएवढाच पगार घेणारी नीमा मान खाली घालून ते सगळं शिकली. मग हळूच म्हणाली, "नळ में कहाँ से आता है?"

"पाइपातून."

"और पाइप में?"

इथं यशोधराबाई भडकल्या. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला तोंडी परीक्षा घेतलेली खपत नाही, आणि सुनेनं घेतलेली तर नाहीच नाही. "पाइपात मी ओतते," म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जाडच झाल्या.

शेवटी यतीननं आईला नीट समजावलं. नीमाचं माहेर कुमाऊंच्या डोंगरात. तिकडे नवी सून आली की सासरच्या पाण्याला भेटायला जाते. गावचा जो झरा असेल, किंवा दगडात बांधलेलं झऱ्याचं कुंड, त्याला नौला म्हणतात, तिथं अनवाणी जायचं, हळदकुंकू वाहायचं, घागर भरून डोक्यावर घरी आणायची. मग ती त्या घरची. तोवर पाहुणी.

"तोवर काय करते ती?"

"काही नाही गं. पाणी तेवढं मागून घेते."

आणि खरंच, लग्न होऊन आल्यापासून नीमा मागूनच घेत होती. "आईजी, पानी ले लूँ?" दारात कुरिअरवाला उभा असला तरी, "आईजी, इनको एक गिलास दे दूँ?" यशोधराबाईंना आधी कौतुक वाटलं, मग कंटाळा आला, आणि एक दिवस समोरच्या बाईनं खिडकीतून ते ऐकलं तेव्हा धडकीच भरली. आता गल्लीभर होणार, यशोधराबाई सुनेला पाणी मोजून देते!

बरं, मोजून देण्याचा आरोप कुणावर, तर यशोधराबाईंवर. देशात सगळ्यात स्वच्छ शहर आपलं, शहरात सगळ्यात स्वच्छ गल्ली आपली, आणि गल्लीत सगळ्यात स्वच्छ ओटा कुणाचा हे सांगायला दिल्लीहून माणसं यायची गरज नाही. रोज सकाळी मोटर लावून त्या रबरी नळीनं ओटा धूत. मग पायऱ्या. मग पायऱ्यांपुढचा रस्ता. हात सैल असला तर शेजारच्या पियुषभियाच्या गाडीची चाकंसुद्धा. नीमा आल्यापासून खिडकीतून हे बघायची, कुणी डोळ्यांदेखत गटारात दूध ओतावं असा चेहरा करून. स्वतः आंघोळीला अर्धी बादली घ्यायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची.

"तुमच्याकडे तर हिमालय," यशोधराबाई एकदा म्हणाल्या. "नळ उघडला की गंगा. तुला कशाची एवढी काटकसर?"

नीमा नुसती हसली. तिचं ते न बोलता हसणं यशोधराबाईंना उलट उत्तरापेक्षा जास्त लागायचं. उलट उत्तर आलं असतं तर त्याला जोडीला दुसरं देता आलं असतं.

पण ठिणगी पडली ती फोनवर. नीमा आईशी बोलत होती. तिकडे आईला ईजा म्हणतात. फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेला, आवाज मोठा, आणि यशोधराबाई अगदी योगायोगानं दाराआड लसूण सोलत होत्या. ईजा म्हणाली, "बेटी, सब अच्छा है, पर कैसा घर है रे, जिसके पानी का ठिकाना नहीं?"

लसूण खाली राहिला. यशोधराबाईंनी पुढं होऊन सुनेच्या पुढ्यातला फोन उचलला.

"विहीणबाई, नमस्कार. अक्षय्य तृतीयेला या. अपनी आँखों से देख लो हमारा ठिकाना. आमच्याकडे त्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, सगळी गल्ली येते. सगळ्यांच्या देखत तुमची मुलगी घागर भरेल."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ठिकाणाचा पत्ता आपल्यालाच नाही.

वासुदेवरावांना विचारलं. वासुदेवराव म्हणजे यशोधराबाईंचे यजमान, शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांत बायकोनं भूगोलातला प्रश्न पहिल्यांदा विचारला, म्हणून ते चष्मा पुसून तयार झाले. "आपलं पाणी नर्मदेचं. खाली निमाडात, जलूदला नदीतून उचलतात आणि घाट चढवून वर माळव्यात आणतात."

"मग जाऊ तिथं."

"जाऊ. पण घागर डोक्यावर घेऊन परत चालत यायचंय ना? पोरीला पोचायला दिवाळी होईल."

मग नदीचा नाद सोडून यशोधराबाई गल्लीच्या टाकीवर गेल्या. मोठी, उंच, खांबांवरची. तिथला चौकीदार भला माणूस होता, पण पूजेचं ताट पाहून कावराबावरा झाला. "माताजी, अंदर नहीं जाने दूँगा. ऑफिस से लिखवा के लाओ."

ऑफिसात कॉम्प्युटरपुढं एक तरुण बाबू होता. त्याला यशोधराबाईंचं सगळं म्हणणं पटलं, बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, त्याचंही नुकतंच लग्न झालं होतं. पण कॉम्प्युटरला पटेना. त्यात पाणी येत नाही, घाण येतं, कमी दाबानं येतं आणि पाइप गळतो, एवढीच दुःखं होती. सुनेला पाण्याची पूजा करायची आहे, हे दुःख नव्हतं.

"अम्मा, मैं 'कम दाब' में डाल देता हूँ," तो म्हणाला. "कुछ तो होगा."

कुछ तो होणार म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

इकडे गल्लीत बातमी पसरली होती आणि जो तो सल्ला द्यायला लागला. पियुषभिया म्हणाला, "काकीजी, बिसलरी की बड़ी वाली कैन रख दो, ऊपर गेंदे की माला. किसको पता चलेगा?" त्याला ओट्यावरून जायला सांगण्यात आलं. मग आले अप्पासाहेब. अप्पासाहेबांचे पणजोबा म्हणे राजवाड्याच्या लालबागेत झाडांना पाणी घालणाऱ्यांवर देखरेख करायचे. तेवढ्या भांडवलावर जमिनीखालचं पाणी आपल्याला ऐकू येतं असं अप्पासाहेब समजत. त्यांनी सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि गल्लीतून पावलं मोजल्यासारखे चालू लागले. पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो. मागून सगळी गल्ली. पियुषभियाच्या घरापुढं नारळ आडवा. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली आडवा. आणि यशोधराबाईंच्या फाटकापाशी, ओट्याला लागून, नारळ उभा!

"यशोधराबाई," अप्पासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या दारात जिवंत झरा आहे."

त्या उभ्या नारळाला दुसरंही काही कारण असू शकेल, असं वासुदेवरावांना वाटलं. त्यांनी तोंडही उघडलं. पण बायकोचा चेहरा बघितला आणि मिटून घेतलं.

दोन दिवसांनी 'कम दाब'ची तक्रार निवारायला कुदळ-फावडी घेऊन माणसं आली. कुठं खणायचं हे त्यांना नक्की माहीत नव्हतं, अप्पासाहेबांना होतं. खड्डा खणला, पाइप सापडला, दाब तपासला, दाब चांगला निघाला, ती माणसं चहा पिऊन गेली. खड्डा भरायला दुसरी माणसं येणार होती. संध्याकाळी यशोधराबाई खड्ड्याशी आल्या आणि वाकून आत बघू लागल्या. ओट्याच्या बाजूनं मातीतून पाणी पाझरत होतं. नितळ, थंडगार. भर उन्हाळ्यात, जिथं बोअरिंग कोरड्या पडल्यात, तिथं यशोधराबाईंच्या दारात झरा.

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. खड्ड्याला विटांचं कडं बसलं. कुणीतरी फुलं वाहिली, कुणी नाणं टाकलं. अप्पासाहेबांनी त्यात तुळशीचं पान सोडून झरा स्त्रीलिंगी असल्याचं जाहीर केलं. पियुषभिया रोज सकाळी तांब्या भरून नेऊ लागला, त्याची अॅसिडिटी गेली म्हणे. देपालपूरची नणंद फोनवरून विचारती झाली, "खरं का गं वहिनी?" यशोधराबाई फोनवर नुसतं "हं" म्हणायच्या, पण त्या "हं"मध्ये सबंध नर्मदा असायची.

फक्त नीमा गप्प. पहिल्या संध्याकाळी तिनं वाकून ओंजळ भरली, ओंजळीचा वास घेतला, आणि पाणी हळूच परत सोडलं. "काय गं?" यशोधराबाईंनी विचारलं. "कुछ नहीं, आईजी," म्हणाली. "ठंडा है."

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी ईजा आली. बारकी, काटक बाई, नाकात मोठी नथ, डोळे असे की दिसतं तेवढंच बघून थांबत नाहीत. दिल्लीहून रात्रभर गाडीत बसून आलेली, पण यशोधराबाईंनी तिला चहाआधी खड्ड्यापाशी नेलं. ईजा उकिडवी बसली, पाण्यात बोटं बुडवली, नाकाशी नेली. मग उठून हात जोडले. "बहुत अच्छा है, समधिनजी."

यशोधराबाईंना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळ झाली ती तारांबळीची. नळाला पाणी यायचा दिवस होता, पण यायला अजून वेळ होता, आणि त्याआधी बायका येणार. गौर मांडलेली, आंब्याची डाळ झालेली, पन्ह्याचं पातेलं भरलेलं. आता एवढी गल्ली जमणार, विहीण बघणार, तर ओटा कसा हवा? यशोधराबाईंनी मोटर लावली आणि आजवर धुतला नव्हता असा ओटा धुतला. पायऱ्या धुतल्या, फाटक धुतलं, रस्ता पार कोपऱ्यापर्यंत धुतला. शेवटी नळी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि गप्प झाली. मोटर कोरडी घरघरायला लागली.

त्याच वेळी बायका आल्या. नीमा आतून बाहेर आली, अंगावर त्यांच्याकडचा तो पिवळाधमक, लाल ठिपक्यांचा पिछौडा, म्हणजे मोठी ओढणी, डोक्यावर तांब्याची घागर, पाय अनवाणी. बायकांनी वाट दिली. आणि पुढं वाकलेली समोरची बाई किंचाळली, "अरे, झरा कुठं गेला?"

खड्ड्यात ओली माती होती. पाणी नव्हतं.

वासुदेवराव अंगणातल्या हौदाचं लोखंडी झाकण उचलून आत बघायला लागले. जमिनीखालचा हौद, ओट्याला चिकटून. यशोधराबाई त्यांच्याशेजारी जाऊन वाकल्या. खाली सगळं कोरडं, आणि खड्ड्याच्या अंगाच्या भिंतीत, हातभर लांब भेग.

हौद भरला की झरा. हौद रिकामा की झरा आटला.

"असू दे," वासुदेवराव कुजबुजले. "वैशाखात झरे आटतात. तसंच सांगू. कुणाला कळणार नाही."

सोपं होतं. सगळ्या बायका तेवढंच ऐकायला उभ्या होत्या. अप्पासाहेब तर "ऋतुमानानुसार" असं म्हणून सुरूही झाले होते. यशोधराबाईंनी वळून बघितलं. ती पोरगी ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत, आणि घागर मात्र सरळ. हिला खोट्या पाण्याला हळदकुंकू वाहायला लावायचं? मग ती खरी सून कधी व्हायची?

आणि एक होतंच. आपली फजिती दुसऱ्या कुणी सांगितलेली यशोधराबाईंना खपणार नव्हती. सांगायची तर आपण.

"ऐका गं बायांनो," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "हा झरा-बिरा काही नाही. आमचा हौद फुटलाय. आमचंच पाणी आमच्याच दारात वाहून चाललं होतं, आणि आम्ही त्याला फुलं वाहत होतो. पियुष, तुझी अॅसिडिटी गेली ती हौदाच्या पाण्यानं, औषधाचे पैसे घेणार नाही मी. आता ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या, मग पन्हं प्या. नाहीतर ठसका लागेल."

कुणी हसलं नाही. अप्पासाहेबांनी नारळ पाठीमागं नेला.

ईजा पुढं आली. "मुझे तो कल ही पता था, समधिनजी. पानी में नल वाली दवाई की बास थी."

नीमानं मान खाली घातली, म्हणजे तिलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?" यशोधराबाईंनी विहिणीला विचारलं.

"कैसे बोलती? आप तो ऐसे दिखा रही थीं, जैसे घर में बच्चा हुआ हो," ईजा म्हणाली.

यशोधराबाईंनी विटांच्या कड्यावरची फुलं उचलून बाजूला ठेवली.

ईजानं पदर खोचला. "हमारा नौला भी सूख जाता है. ऊपर बांज के पेड़ कट गए, होटल की सड़क निकल गई, जेठ में हर घर को एक ही घड़ा मिलता है. लोग समझते हैं पहाड़ में पानी ही पानी. बर्फ को तो देखते रहो, पीने को तो वही पतली सी धार. जूता उतार के जाते हैं, साबुन नहीं ले जाते, और जो बचा वो गाय के लिए छोड़ते हैं. पर सूखे नौले की पूजा कोई नहीं करता. पहले उतर के साफ करते हैं, दरार भरते हैं. बहू सबसे पहले उतरती है."

नीमानं घागर खाली ठेवली आणि हौदाकडे निघाली.

"एकटी?" यशोधराबाई ओरडल्या. "हौद माझा आहे!"

"अगं, तुझे गुडघे," वासुदेवराव म्हणाले.

"गुडघे पण माझेच आहेत. तेही घेऊन जाते."

यतीननं शिडी लावली. आधी नीमा, मग ईजा, आणि मग, नऊवारीचा काष्टा मारून, देवाचं नाव घेत आणि नवऱ्याला शिडी नीट धरा म्हणून बजावत यशोधराबाई. इतकी वर्षं ज्या पाण्यावर राज्य केलं, त्याच्या तळाशी त्या पहिल्यांदाच उतरल्या होत्या. खाली गारवा होता आणि घोट्याएवढा गाळ. पियुषभियानं धावत जाऊन पाण्यातही धरतं ते सिमेंट आणलं. अप्पासाहेब वरून सूचना देत होते, त्या कुणी ऐकत नव्हतं.

तिघी गाळ भरत होत्या आणि यतीन दोरीनं बादल्या ओढत होता. नीमा पलीकडच्या कोपऱ्यात गेली तेव्हा ईजानं भेगेत सिमेंट दाबता दाबता हलक्या आवाजात विचारलं, "ये यहाँ रोती तो नहीं?"

"रोती नहीं," यशोधराबाई म्हणाल्या. "पूछती है. हर गिलास पूछती है. उससे तो रो लेती, तो मैं चूप करा देती."

ईजानं सिमेंटनं भरलेला हात तसाच त्यांच्या हातावर ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. सिमेंट वाळायला लागलं तेव्हा दोघींनी हात काढले.

आणि भिंतीत वर, पाइपाच्या तोंडाशी काहीतरी गुरगुरलं. आधी नुसती हवा, मग एक पिचकारी, मग जाडजूड, पांढरी धार अंधारातून तिघींच्या पायांशी पडली. पाणी आलं होतं.

"नर्मदा आहे ती!" वरून वासुदेवरावांचा आवाज आला. एवढ्या दिवसांत भूगोल सांगायला त्यांना पहिल्यांदाच कुणी मोकळं सोडलं होतं. "नीचे निमाड़ से घाट चढ़ के आई है!"

ईजा चमकली. "नीचे से? ऊपर?"

"हाँ, पूरा घाट!"

ईजा धारेकडे बघत राहिली. जन्मभर दरीतून वर पाणी वाहून आणलेली बाई ती. "तो ये भी हमारी तरह है," ती म्हणाली. "चढ़ाई पे पानी ढोने वाली."

नीमानं वरून ताट आणि घागर मागवली. पाइपाच्या तोंडाला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. घागर धारेखाली धरली. हौदात पाणी भरण्याचा असा आवाज झाला, की वर जमलेल्या बायकाही वाकून बघू लागल्या. मग भरली घागर डोक्यावर, एक हात शिडीला, आणि नीमा वर चढली. एक थेंब सांडला नाही. पहाडातली पोर.

ओट्यावर सगळ्या टेकल्या. चिखलानं माखलेल्या दोघी विहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांच्यात आता कोण कुठली हे ओळखू येत नव्हतं. नीमा आत गेली. कुणाला काही विचारलं नाही. भांड्यांचा आवाज आला. ती बाहेर आली ती हातात पेला घेऊन, काठोकाठ भरलेला.

घरात मोठं कोण, म्हणून यशोधराबाईंनी हात पुढं केला. पेला त्यांच्या हातावरून पुढं गेला.

"ईजा, पहले आप लो. आप मेहमान हो."

ईजानं दोन्ही हातांनी पेला धरला. तिचे डोळे भरून आले. यशोधराबाईंचा हात हवेतच राहिला होता, त्यांनी तो पदर सारखा करायला वापरला.

"पी लो, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "रोते रोते पिओगी तो खारा लगेगा, आणि मग गावी जाऊन माझ्या पाण्याला नावं ठेवाल."

ईजा रडता रडता हसली आणि पाणी प्यायली. मग नीमानं समोरच्या बाईला दिलं, अप्पासाहेबांना दिलं, पियुषभियाला दिलं, एकेका बाईला दिलं.

"मला देणार आहेस की नाही?" यशोधराबाईंनी विचारलं. "का आता मी मागून घ्यायचं?"

"थांबा, आई," नीमा म्हणाली. "पाहुणे झाले की मग. घरचे शेवटी."

आणि जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या यशोधराबाई, चिखलाचे पाय ओट्याखाली सोडून, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसून राहिल्या.